लंगोट आणि लुगडं

आमच्याकडं गडी मोजायची मापं दोनच होती. एक मिशी आणि दुसरं लंगोट. मिशी काय, वेळ आली की सगळ्यांनाच फुटते, त्यामुळं तिला फारशी किंमत नव्हती. खरी किंमत लंगोटाला. अमका 'लंगोटाचा पक्का' आहे असं एकदा पारावर ठरलं, की मग त्याला रान किती, तो शिकला किती, हे कुणी विचारत नसे. सोयरीक आपोआप चालून यायची.

कागल तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठाला टेकलेलं आमचं गाव. मारुतीच्या देवळामागं तालीम. बुटक्या दाराची, आत अंधार, आणि मधोमध लाल मातीचा हौदा. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू असं काय काय घातलेलं असायचं, त्यामुळं तालमीला एक आंबूस वास होता. पहाटे चारला वस्ताद काठीनं दार वाजवायचे. जोर, सपाट्या, बैठका, मग मातीतली लढत. आठवी-नववीतली आम्ही दहा-बारा पोरं. घरात दूध डेअरीला घालायला लागत होतं, तरी आई माझ्या वाटणीचा तांब्या बाजूला काढायची. पोरगं तालमीत जातंय म्हणजे बिघडत नाही, एवढाच तिचा हिशोब.

वस्तादांचे नियम साधे होते. बाईचं नाव काढायचं नाही. पिक्चर बघायचा नाही. तमाशाच्या कनातीजवळ दिसलास तर तंगडं मोडीन. ते स्वतः मात्र चैतातल्या जत्रेत पहिल्या रांगेत घोंगडं टाकून बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आता म्हातारा झालो गड्या, मला काय हुतंय?"

त्या तालमीतला सगळ्यात देखणा पैलवान म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. अंगानं आडवा नव्हता, पण घडीव. ढाक मारायला लागला की समोरचा कुठनं उडाला हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. आसपासच्या जत्रेत नारळावरच्या कुस्त्या सोडून तो पैशाच्या कुस्त्या करायला लागला होता, ते सतरा वर्षांचा असतानाच. आणि तोच दादा दरवर्षी जत्रेत दुसऱ्या रात्री गावच्या वगात लुगडं नेसायचा.

हे आता समजावून सांगायला पाहिजे. जत्रेत पहिल्या रात्री सुपारी देऊन आणलेला मोठा फड असायचा. दुसऱ्या रात्री गावच्या हौशी पोरांचा वग. गण, गौळण, बतावणी, मग वग, सगळं रीतसर. हलगी, ढोलकी, तुणतुणं गावातलंच. गावातल्या बायका काही फडावर उभ्या राहणार नव्हत्या, त्यामुळं गौळणी, मावशी, राणी, सगळी कामं पोरांनीच करायची. तमाशात जुन्या काळी असंच होतं. बायका फडावर यायच्या आधी नाच्या पोऱ्याच नाचायचा. पुढं बायका आल्या तरी नाच्या गेला नाही, तो त्यांच्या शेजारी उभा राहून हात वारे करत, टाळ्या पिटत, हसवत राहिला. गावच्या वगात लुगडं नेसण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एक रात्र हसायचं, सकाळी पुन्हा तोच पोरगा खताची पाटी उचलताना दिसला म्हणजे झालं.

दादाची अडचण एवढीच होती की तो हसवत नव्हता. बाकीची पोरं लुगडं नेसली की फेंगडी चालायची, छातीत कोंबलेलं फडकं मुद्दाम खाली पाडायची, लोक लोळायचे. दादा आला की लोक गप्प व्हायचे. चुलती स्वतः त्याला लुगडं नेसवायची, आपलं ठेवणीतलं, हिरव्या काठाचं. "कासोटा असा न्हाई, असा. आन् पाऊल लहान टाक, बाईला घाई असली तरी पाऊल लहानच पडतं," असं काय काय सांगायची. विराटपर्वावरचा वग होता त्या वर्षी दादा बृहन्नडा झाला होता. गदागदा हलणारं तालमीतलं शरीर कुठं गेलं होतं कोण जाणे. शेवटी अर्जुन म्हणून त्यानं धनुष्य उचललं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा पुटपुटला, "आधीचंच बरं हुतं."

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी दादाला हौद्याच्या कडेला उभं केलं. "लंगोट न्हाईतर लुगडं. दोन्हीतलं एक काय ते ठरीव," म्हणाले.

दादा उलट बोलणारातला नव्हता. पण त्या दिवशी बोलला. "वस्ताद, शाहू म्हाराजांनी दोन्ही बांधलं न्हवं, एका अंगाला एक?"

आम्हा सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय ते. वस्ताद वर्षातनं एकदा आम्हाला एसटीनं कोल्हापूरला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. खासबाग मैदान १९१२ सालचं, महाराजांनी बांधलेलं. वाटीसारखं खोल, कुठंही बसा, आखाडा दिसतो. आणि त्या मैदानाला लागूनच १९१५ सालचं पॅलेस थिएटर, तेही महाराजांचंच. पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव म्हणजे कोल्हापूरचाच माणूस, पोरवयात 'शारदा' नाटकात शारदा होऊन गाजलेला. पुढं १९२१ साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. एका बाजूला मातीत लंगोट कसलेले गडी, आणि दुसऱ्या बाजूला शालू नेसलेले गडी. दोघांनाही बघायला तोच कोल्हापूरकर येत होता. दादानं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मैदानातल्या कुस्त्या संपल्यावर सगळी पोरं भज्याच्या गाड्यावर पळायची, आणि हा थिएटरच्या बाहेर उभा राहून पाट्या वाचायचा.

वस्ताद त्यावर काहीच बोलले नाहीत. "जोर मार दोनशे," एवढंच म्हणाले.

माझं चौदावं सरलं आणि आवाज फुटला. वर्गात 'हजर' म्हणायची चोरी. अंगात काय चाललंय ते विचारायला कुणी नाही. तालमीत एकच शिकवण होती, की एक थेंब गेला म्हणजे चाळीस थेंब रगत गेलं. मी गणितात बरा होतो, त्यामुळं माझी जास्तच पंचाईत. सकाळी उठलं की हिशोब करायचो. कागलच्या एसटी स्टँडच्या भिंतींवर लाल रंगात लिहिलेलं असायचं, तारुण्यातल्या चुका, धातूविकार, गेलेली शक्ती, खात्रीचा इलाज, भेटा अमक्या लॉजवर दर गुरुवारी. त्या भिंती वाचून वाचून मला खात्रीच पटली होती की मी काही फार दिवस जगत नाही. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या पोरांचं या बाबतीतलं सगळं शिक्षण त्या भिंतींनीच केलं, आणि ते किती वाईट केलं याची मोजदाद कुणी ठेवली नाही. माझ्याबरोबरचा एकजण घरातली पाटल्यांची जोडी विकून अशा एका वैद्याच्या पुड्या खात होता.

मी वाळत चाललोय हे दादाच्या ध्यानात आलं. एक दिवस म्हशी धुवायला नदीवर गेलो होतो. त्यानं सरळच विचारलं. मी रडायलाच लागलो. तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहिला आणि म्हणाला, "आरं येड्या, झाडाला फुलोरा येतो न्हवं? गळतो का न्हाई थोडा? समदा ठिवून झाड काय करंल? सगळ्यास्नी हुतं ते. वस्तादास्नी बी झालं असंल."

वस्तादांचं नाव ऐकून मला हसूच फुटलं. त्या दिवसापासून मी हिशोब सोडला. मिशीवाल्या, लंगोटाच्या पक्क्या एवढ्या गड्यांमध्ये हे मला सांगितलं कुणी, तर ज्याच्या गडीपणाबद्दल गावात कुजबुज सुरू झाली होती त्यानं.

कुजबुज म्हणजे, दादानं दोन स्थळं नाकारली होती. पहिलं नाकारलं तेव्हा लोक म्हणाले, पैलवान हाय, अजून लंगोट सोडायचा न्हाई त्येला. दुसरं नाकारलं तेव्हा म्हणाले, लुगड्याची सवय लागली. आमच्या बोलीत अशा माणसाला शब्द आहेत, पण ते सगळे शिवीतले. तमाशातलं 'नाच्या' हे कामाचं नाव, तेही शिवी म्हणूनच वापरायचं. दुसरा साधा शब्दच नाही. त्यामुळं ज्याला शिवी द्यायची नसेल तो गप्प बसायचा. घरात चुलती अशीच गप्प होती.

१९८९ च्या जत्रेत मी गावात नव्हतो. कोल्हापुरात कॉलेजला होतो, परीक्षा चालू होती. घडलं ते चुलतीकडून कळलं, तेही बऱ्याच महिन्यांनी, तुकड्यातुकड्यानं. वग संपल्यावर दादा देवळामागं लुगडं सोडायला गेला. तिथं चार-सहा पोरं दारू पिऊन थांबली होती. "गडी हाय का बाई, बघू तर द्या," असं म्हणत त्यांनी त्याला धरलं. चौघांना एकदम झोपवील असा तो पैलवान, पण निऱ्यांत पाय अडकला आणि पडला. पुढचं चुलतीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वस्ताद काठी घेऊन धावत आले. त्यांनी एकाचा हात मोडला. मग डोक्याचा पटका सोडून दादाच्या अंगावर टाकला आणि सकाळपर्यंत तालमीच्या दारात बसून राहिले. दादा आत होता.

त्यानं काही ठरवायच्या आधी गावानं ठरवून टाकलं होतं. पहिल्या एसटीनं तो इचलकरंजीला गेला आणि यंत्रमागावर लागला. पुन्हा ना लंगोट, ना लुगडं.

माग बारा-बारा तास चालायचे. दिवसपाळी, रातपाळी. सगळ्या मागांचा एकदम आवाज सुरू झाला की शेजारच्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागतं. दादा म्हणायचा, मला बरं वाटतं तिथं, कुणाचं बोलणं ऐकाय येत न्हाई. पत्र्याच्या एका खोलीत तो राहायचा, बरोबर सीमाभागातला एक जॉबर. दोघांत एक स्टोव्ह, एक ट्रंक, भिंतीला बजरंगबलीचं कॅलेंडर. मी नोकरीला लागल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. चुलती माझ्याकडं गाठोडं द्यायची. ज्वारीच्या भाकरी, खर्डा, कधी शेंगदाण्याची चटणी. ते गाठोडं कायम दोन माणसांचं असायचं. खाणारा एक लेक, आणि भाकरी मोजून आठ-दहा. दुसरा कोण, त्याचं नाव काय, हे तिनं मरेपर्यंत कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "त्या दुसऱ्याला तिखाट सोसतं का रं?"

आता 'नटरंग'बद्दल. १ जानेवारी २०१० ला तो पिक्चर लागला. कादंबरी आनंद यादवांची, म्हणजे आमच्या कागलचीच माती. नायकाचं नावही गुणा कागलकर. पैलवानी अंगाचा शेतमजूर, तमाशाचं वेड. विहिरीवर पंप बसतो आणि त्याचं काम जातं, मग तो फड उभा करतो. फडाला नाच्या पाहिजे, कुणी तयार होत नाही, आणि राजाचं काम करायचं स्वप्न बघणारा हा गडी स्वतः नाच्या होतो. आमच्या भागात त्या पिक्चरला लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले. अजय-अतुलची गाणी त्या हंगामात प्रत्येक लग्नाच्या वरातीत वाजत होती.

मी दादाला फोन केला. तो आधी नको म्हणाला, मग आला. अठरा-वीस वर्षांनी आम्ही दोघं कोल्हापुरात पिक्चरला बसलो. थिएटर भरलेलं. सोनाली कुलकर्णीच्या नाचाला शिट्ट्या, पडद्यावर चिल्लर फेकाफेकी. आणि अतुल कुलकर्णी पहिल्यांदा कंबर मुरडायला शिकतो तिथं सगळं थिएटर हसलं. दादा पुढं वाकून बघत होता. माझ्या कानाशी म्हणाला, "खांदं बघ त्येचं. कंबर कुणाला बी हलवाय येती. पैलवानाचा खांदा उतरत न्हाई. ह्येनं उतरवला."

त्या नटानं या कामासाठी आधी पैलवानासारखं अंग कमावलं आणि मग ते उतरवलं, हे त्या वेळी पेपरात आलं होतं. पण अंग उतरवणं आणि खांदा उतरवणं यातला फरक दादालाच कळला. तालमीत पहिल्या दिवसापासून शिकवतात ते खांदा वर आणि छाती पुढं. रस्त्यानं चालताना, बैलगाडी हाकताना, सासुरवाडीला जेवायला बसताना, कुठंही तो खाली येऊ द्यायचा नाही. मरेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. आम्हाला वाटायचं ती ताकद आहे. ती सवय होती, आणि तिचा त्रासही व्हायचा, हे मला चाळिशीत त्या अंधारात कळलं.

पुढं पुढाऱ्याची माणसं फड जाळतात, गुणावर अत्याचार होतो, तो प्रसंग आला. मी दादाकडं बघितलं नाही. तो उठून बाहेर जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. शेवटपर्यंत बसला.

बाहेर पडलो आणि चालत खासबागेकडं आलो. मिसळ खाल्ली. मग केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पायरीवर बसलो. मी बोलत सुटलो होतो. गणपत पाटलांची गोष्ट काढली. कोल्हापूरचा हा नट, मराठी पिक्चरमध्ये नाच्याचं काम त्यांच्यासारखं कुणीच केलं नाही. पण ते इतकं बेमालूम केलं की लोकांनी त्यांना दुसऱ्या कुठल्या रूपात बघायचंच नाकारलं. बायकापोरांचा संसारी माणूस, पण पडद्यावरचा नाच्या त्यांच्या मागं घरापर्यंत आला. २००८ साली ते गेले. मी म्हटलं, "बघ की दादा, काम वेगळं आन् माणूस वेगळा, एवढं बी लोकांना कळत न्हाई. हा पिक्चर तेच सांगतो. गुणा पुरा गडी हाय. बायको हाय, पोरगं हाय, ती नयना त्याच्यावर जीव टाकती."

दादा बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "चांगला हाय पिक्चर. रडवलं मला. पर एक सांग. त्यो गडी हाय, गडी हाय म्हणून किती खटपट केली रं त्यांनी. बायको दावली, पोरगं दावलं, ती नाचणारी बी त्येच्या मागं लावली. आन् नसता गडी, तर?"

मी गप्प.

"नसता, तर मग त्येला मारायला हरकत नव्हती व्हय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मागाचा धागा कुठं तुटला ते बोटानं चाचपावं तसं तो विचारत होता. 'नटरंग'वर त्यानंतर मी बरंच वाचलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परीक्षणं आली, कलेसाठी केलेला त्याग वगैरे लिहिलं गेलं. दादानं विचारलेलं कुठं आढळलं नाही. पिक्चर मला आजही आवडतो. रवी जाधवांचा तो पहिलाच पिक्चर, आणि तमाशातल्या माणसाचं दुखणं त्यांनी ज्या मायेनं दाखवलं त्याला तोड नाही. पण आमच्यासारख्या प्रेक्षकाला त्यात एक सोय आहे. गुणाची कीव करताना आपल्याला काही सोडावं लागत नाही. तो आपल्यातलाच गडी, चुकून सापडलेला. लंगोटाचं माप तसंच राहतं, फक्त ते गुणाला लागू पडतं एवढं सिद्ध होतं. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या राजीव पाटलांच्या 'जोगवा'त जोगता केलेल्या तायप्पाचं दुखणंही असंच होतं. आत पुरुष, अंगावर लुगडं, तेही लादलेलं. उपेंद्र लिमयेंचं काम बघून माझ्या अंगावर काटा आला होता. पण तिथंही जे लादलेलं नाही, ज्याला ते आपलंच वाटतं, त्याची गोष्ट बाजूलाच राहिली.

दादाला लुगडं नेसायला आवडत होतं आणि कुस्तीही आवडत होती. बायकांत त्याचा जीव नव्हता. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे मला समजायला इतकी वर्षं लागली, आणि गावाला तर त्या तिन्हीची मोळी बांधून एकाच नावानं हाक मारायची घाई होती.

पुढची वर्षं भराभर गेली. २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा निकाल दिला. मी फोन केला तर दादा म्हणाला, "आता ह्या वयात कोरटाचं काय काम?" आणि मग थोड्या वेळानं, "पेपर ठिवून दे त्यो." २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. दादा इचलकरंजीहून येऊन बघून गेला. मला सांगितलंही नाही. नंतर बोलता बोलता म्हणाला, खासबागेच्या अंगाला बी झळ लागली, एकाची भिंत तापली की दुसऱ्याची तापणारच.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, मी पुण्याला लेकाकडं गेलो होतो. त्यानं मला 'साबर बोंडं' बघायला नेलं. रोहन कानवडे नावाच्या पोरानं केलेला पिक्चर. त्या वर्षीच्या सुरुवातीला अमेरिकेत सनडान्सच्या महोत्सवात परदेशी चित्रपटांतलं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला मिळालं होतं. मुंबईत राहणारा आनंद बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी नगर भागातल्या आपल्या गावी येतो. पाहुणेरावळे लग्नाचं टुमणं लावतात. आणि तिथं लहानपणचा दोस्त बाळ्या भेटतो, तोही बिनलग्नाचा, त्याच्यामागंही तेच टुमणं. बाळ्या त्याच्यासाठी निवडुंगाची बोंडं आणतो. आमच्या माळावरही ती होती. लालभडक, वरनं बारीक कुसळांनी भरलेली. गवताच्या मुठीनं घासून, मातीत लोळवून खायची, आणि तरी एखादं कूस जिभेत राहायचंच.

त्या पिक्चरमध्ये कुणी लुगडं नेसत नाही, कुणी नाचत नाही, कुणी कुणाला मारत नाही. दोन गडी आहेत, शेरडं आहेत, माळ आहे. ते गडी आहेत की नाहीत हे सिद्ध करायच्या भानगडीत तो पिक्चर पडतच नाही. लेक माझ्याकडं चोरून बघत होता, बापाला कसं वाटतंय म्हणून. मी त्याला म्हटलं, तुझ्या काकाला फोन लावून दे.

दादा आता माग सोडून घरीच असतो. कान कमी झालेत, त्यामुळं फोनवर ओरडून बोलावं लागतं. थिएटरच्या बाहेर पार्किंगमध्ये उभा राहून मी त्याला गोष्ट सांगितली. चार माणसं वळून बघत होती.

"गाणी कुणाची?" त्यानं विचारलं.

"गाणी न्हाईत. मागं बी काय वाजत न्हाई. नुसती माणसं बोलत्यात, आन् मधनंच गप बसत्यात."

"बरं हाय."

मग त्यानं विचारलं, "आन् त्येच्या आईला म्हाईत हाय?"

"हाय की. ती त्येच्याच बाजूनं हाय. बाप बी हुता म्हणं."

पलीकडं नुसता पंख्याचा आवाज. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग त्याचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हता. खोलीतल्या दुसऱ्याला सांगत होता, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "आरं, आईला म्हाईत हाय म्हणतोय. पिक्चरातल्या." तो जॉबर काहीतरी बोलला, कानडी वळणाचं. दोघं हसले. दादा पुन्हा फोनवर आला आणि म्हणाला, इचलकरंजीत लागला तर कळीव, दुपारच्या खेळाला जाऊ, रातचं आता दोघांस्नी बी दिसत न्हाई.